टाळ्यांच्या पुढची धून

ही गोष्ट मला जशीच्या तशी आठवते, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. लहानपणी ऐकली, पुढे अनेकांना सांगितली, आणि सांगता सांगता माझ्याकडून काही इकडचं तिकडे झालं असेल. मीठवाला ऐन तिशीतला होता की चाळिशी उलटलेला, इथे तर मी दरवेळी अडखळतो. पण गाभा बदललेला नसावा.

तर एका खाडीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात एक मीठवाला राहत होता. दिवसभर तो मिठागरात मीठ ओढायचा आणि संध्याकाळी अंगणात बसून गिटार वाजवायचा. गिटार त्या गावाला नवी नव्हती. फार पूर्वी एका जहाजावरचा आचारी आजारी पडून तिथेच राहिला होता. त्याने ती आणली आणि गावातल्या एका तरुण शिंपिणीला शिकवली. आता तो आचारी हयात नव्हता आणि शिंपीणही म्हातारी झाली होती. तिची बोटं आखडली होती. सुईत दोरा ओवता येत नव्हता, मग तारा कुठल्या दाबणार? तीच मीठवाल्याला शिकवायची. वाजवून दाखवता येत नसे, म्हणून ती सूर गुणगुणायची आणि कात्रीच्या दांड्याने पाटावर ठेका धरायची.

आचाऱ्याने तिला एक मोठी धून दिली होती. ती संथपणे सुरू व्हायची, चढत चढत मध्यावर एका उंच सुराला भिडायची, आणि तिथून पुढे बोटं ताणायला लावणारा लांबलचक उतार होता.

त्या गावाची एक रीत होती. काही आवडलं की लोक तिथल्या तिथे टाळ्या वाजवायचे, आणि टाळ्या पडल्या की वाजवणाऱ्याने हात थांबवून मान लववायची. न थांबणं उद्धटपणाचं मानलं जाई. त्या उंच सुरावर हमखास टाळ्या पडायच्या आणि मीठवाला थांबायचा. बारशाला, लग्नाला, जत्रेला, सगळीकडे असंच. चार वर्षांत गावाची खात्री झाली, की धून तिथेच संपते.

मीठवाला कधीमधी घरी उताराला हात घालायचा. पण अडखळला की परत पहिल्यापासून सुरू करायचा. त्यामुळे सुरुवात रोज घोटली जायची आणि शेवट होता तसाच राहायचा.

संक्रांतीला तो तिळगूळ घेऊन शिंपीणआजीकडे गेला. आजी म्हणाली, "होळी झाली की लेक येणार आहे मला न्यायला. पलीकडच्या काठाला. आता काही परत यायची नाही मी."

मीठवाल्याने तिळगुळाची पुडी पाटावर ठेवली.

"जायच्या आधी ती धून एकदा पूर्ण ऐकायची आहे मला. माझे हात गेले. तुझ्याकडे अर्धीच राहिली, तर उरलेली माझ्याबरोबर गेली म्हणून समज."

"पण आजी, मी तर ती सगळीकडे वाजवतो. लोकांना इतकी आवडते..."

"लोकांना माहीतच कुठे आहे ती!" आजीने कात्री पाटावर आपटली. "आजपासून सुरुवात वाजवायची नाही. शेवटचे चार सूर, तेवढेच. ते बसले की त्यांच्या आधीचे चार. असं मागून पुढे ये."

मीठवाला कामाला लागला. पण त्या चार सुरांना ना चाल होती ना गोडवा. मिठाने बोटांना चिरा पडलेल्या, त्यांत तार रुतली की डोळ्यांत पाणी यायचं. शेजारीपाजारी कुंपणाशी थांबून विचारू लागले, "काय रे, गिटार बिघडली का?" बायको म्हणाली, "अहो, ते पूर्वीचं छान होतं की! निदान भाकरी थापताना बरं वाटायचं. आता तर कुत्रंसुद्धा उठून मागच्या दारी जातं."

वीस दिवसांनी त्याने गिटार आजीच्या ओसरीवर नेऊन ठेवली.

"नाही जमत, आजी. दुसरी एखादी छोटी धून द्या. आठ दिवसांत बसवून दाखवतो."

आजी रागावली नाही. "हात दाखव," म्हणाली. चिरा पाहिल्या, खोबरेल तेलाची वाटी घेतली आणि आखडलेल्या बोटांनी त्याच्या एकेका बोटाला तेल लावू लागली.

"ही करंगळी परवा दांडीवरच्या पाचव्या पडद्यापर्यंत पोचत होती का रे?"

"नाही."

"आणि आज?"

"पोचली. दोनदा."

"मग तिचे आभार मानलेस?"

मीठवाला हसला.

"हसू नकोस, मेल्या. दिवसभर तुझं मीठ ओढते आणि संध्याकाळी तुझ्यासाठी ताणून घेते. रोज गिटार खाली ठेवण्याआधी आज कुठलं बोट नीट वागलं ते आठवायचं आणि त्याचे आभार मानायचे. जे जमलं नाही ते उद्या बघू."

त्याला हा पोरखेळ वाटला. पण आजीचं मन मोडवेना, म्हणून त्याने करून पाहिला. पहिल्या दिवशी करंगळीचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी अंगठ्याचे. तिसऱ्या दिवशी आभार मानण्यासारखं काही सापडेना, म्हणून शोधायला बसला. आणि शोधताना लक्षात आलं, की दोन सुरांमधली खरखर गेली आहे. आपल्याला रोज थोडं काही मिळतं आहे, हे त्याला आजवर दिसलंच नव्हतं. हळूहळू बायकोही विचारू लागली, "आज कुणाचा सत्कार?" आणि उत्तर ऐकून त्या बोटाला स्वतः तेल लावू लागली. चाराचे आठ सूर झाले, आठाचे सोळा. होळीच्या आदल्या दिवशी तो मागून पुढे येत त्या उंच सुरापाशी पोचला.

होळीनंतर आठव्या दिवशी आजीची लेक होडी घेऊन आली. सगळं गाव धक्क्यावर जमलं. आजीला होडीत बसवलं. पाटील अबोलीची माळ घेऊन उभे होते. म्हणाले, "वाजव रे, ते आपलं नेहमीचं! आजीला हसत निरोप देऊ."

मीठवाल्याने सुरुवात केली. धून चढत चढत उंच सुराला भिडली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पाटील माळ घालायला पुढे आले. इथे मान लववली असती, तर सगळे खूश झाले असते. पुढे गेला तर उद्धट ठरणार होता, आणि साऱ्या गावासमोर फजिती व्हायची भीती वेगळीच. त्याने होडीकडे पाहिलं. आजी टाळ्या वाजवत नव्हती. मान थोडी पुढे काढून ती कान देऊन बसली होती.

त्याने मान लववली नाही. हात चालूच ठेवला.

"अरे, झालं की!" कुणीतरी ओरडलं. "धून संपली!"

"शेफारलाय," दुसरा म्हणाला.

पाटील माळ हातात धरून तसेच उभे राहिले. उतार सुरू झाला. एका ठिकाणी तार खरखरली. त्याचा हात सवयीने सुरुवातीकडे वळू पाहत होता. त्याने तो वळू दिला नाही, पुढचा सूर धरला.

"पाणी ओसरतंय!" नावाडी म्हणाला. "होडी चिखलात बसेल, आजी."

"बसली तर मी उतरून ढकलीन," आजी म्हणाली. "तू गप बस."

टाळ्या कधीच थांबल्या होत्या. लोकांची कुजबुजही थांबली. आपल्या अंगणात इतकी वर्षं वाजणाऱ्या धुनेत एवढं काही शिल्लक होतं, हे त्यांना आज कळत होतं. शेवटचे चार सूर आले. तेच त्याने सर्वांत जास्त घोटले होते, आणि ते पाण्यावर तेल पसरावं तसे सहज पसरले.

धून संपली. पण ती संपली हे ऐकणाऱ्यांत एकीलाच माहीत होतं. त्या शांततेत आजीने आपले आखडलेले हात एकमेकांवर आपटले. त्यांचा धड आवाजही झाला नाही.

मीठवाला गुडघाभर पाण्यात उतरला आणि होडीपाशी जाऊन वाकला. "आजी, तुमच्यामुळे..."

"माझ्यामुळे काय? मीठ तुझ्या बोटांना झोंबलं," आजी म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, "मी धन्य झाले, बाळा. आणि तिसऱ्या बोटाला सांग, अजून घाई करतंय."

होडी निघाली. पुढे मीठवाल्याने जेवढ्यांना ती धून शिकवली, त्या सगळ्यांना शेवटच्या चार सुरांपासून शिकवली.

यातून घ्यायचं ते इतकंच: लोकांचं कौतुक आपल्याला अर्ध्या वाटेपर्यंत नेतं, तिथून पुढे, रोज जे थोडंथोडं जमतं त्याची कृतज्ञ आठवण ठेवूनच जावं लागतं.

बऱ्याच वर्षांनी मी खाडीच्या पलीकडच्या काठाला गेलो, तेव्हा शिंपिणीची नात भेटली. ऐकलेलं खरं की खोटं, म्हणून मी तिला दोनदा विचारलं, आणि तिने दोन्ही वेळा तेच सांगितलं. आजीला ती धून पूर्ण यायला एकोणीस वर्षं लागली होती, आणि धून पूर्ण आली तेव्हा तिला शिकवणारा आचारी जाऊन तीन महिने झाले होते.