महाराजांच्या गोठ्यातला चोर

“माझ्या गाईंची कूस कोण नासवतंय? उद्या दुपारी तो चोर माझ्यासमोर उभा कर! नाहीतर गाढवावरून तुझी धिंड!”

उदाजीराव महाराजांचं हे फर्मान ऐकून त्यांच्या गोठ्यावरचा म्हातारा भिवजी गवळी घरी आला आणि मटकन खाली बसला. गाय व्याली की तिला ताप भरायचा, घाण वास सुटायचा आणि मग पुन्हा गाभण राहायचं नावच नाही! कारण भिवजीला ठाऊक होतं. वासराला पहिला हात राजाचा, असा तिथला मान. गाईला कळा लागल्या की महाराज घोड्यावरून उडी टाकायचे, तसेच आत घुसायचे आणि कोपरापर्यंत हात घालून वासरू ओढून काढायचे! पण हे त्यांना सांगणार कोण?

“आबा, काळजी सोडा. मी श्रीखंड करते,” लेक येसू म्हणाली.

“अगं, बापाची धिंड निघतेय आणि तुला श्रीखंड सुचतंय?”

दुसऱ्या दिवशी महाराज रपेट करून आले. समोर श्रीखंडाची वाटी घेऊन येसू उभी, मागे भिवजी! हात पुढे गेला, पण लगेच थांबला. नोकराने तस्त धरलं. महाराजांनी खळखळून हात धुतले.

“धरा! धरा! चोर सापडला!” येसूने तस्तच कवटाळलं. शिपाई भाले सरसावून धावले.

“कुठाय चोर?” महाराज ओरडले.

“हा काय!” तस्तातलं पाणी काळंकुट्ट झालं होतं. “जेवताना महाराज याला बुडवतात आणि गाईकडे जाताना सोबत नेतात!”

“म्हणजे चोर मी?”

“छे, छे! चोर हा. तुम्ही नुसते त्याच्या पालखीचे भोई!”

‘मेलो!’ भिवजीने डोळे गच्च मिटले.

महाराजांच्या मिशा थरथरल्या. “राजाच्या हाताला घाण म्हणतेस?”

“मी कुठे म्हटलं, महाराज? घाण नव्हती तर धुतले कशाला?”

महाराजांनी तस्ताकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं, आणि असे खदखदून हसले की भिवजीने दचकून डोळे उघडले!

“कपिला गाय तुझी! आजपासून गोठ्यात हुकूमही तुझा! मग आता मी आत कधी यायचं?”

“गाय अडली, तर हात धुवून. एरवी दाराबाहेर!”

आणि हसता हसता महाराज खरोखरच दोन पावलं मागे सरकले.