गेनूच्या नंबरावरचं खातं

डोंगराखालच्या एका गावात गेनू नावाचा एक भोळा माणूस होता. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. तीच तर अडचण होती.

त्याची बायको शेवंता गोधड्या शिवायची. तिनं मोबाइलवर खातं उघडलं, गोधड्यांचे फोटो टाकले. पुण्या-नाशिकहून मागणी येऊ लागली. शेजारच्या बायकाही तिच्यासोबत शिवायला बसू लागल्या. खातं तिचं, टाके तिचे, पण खात्याला नंबर गेनूचा. बाईच्या कशालाही नंबर नवऱ्याचाच द्यायचा, ही गावाची रीत.

एकदा गेनूला कुणाचा तरी फोन आला. तुमच्या मोबाइलवर ओटीपी आलाय, तेवढा सांगा, म्हणाला. गेनूनं सांगितला. वर चहाला बोलावलं. संध्याकाळी खातं गेलं होतं आणि शेवंताच्या नावानं कुणीतरी गिऱ्हाइकांकडे पैसे मागत होतं. बायकांचं शिवण थांबलं.

शेवंतानं कपाळाला हात लावला. "अहो, ओटीपी मागेल तो चोर. द्यायचा नाही."

"बरं," गेनू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गॅसवाला सिलिंडर घेऊन आला. त्यानं ओटीपी मागितला. गेनूनं त्याला गोठ्यात कोंडलं आणि गाव गोळा केलं. गॅसवाला सुटला तो सिलिंडरसकट पळाला. शेवंतानं चूल पेटवली. धुरानं डोळे चोळत म्हणाली, "अहो, ओळखीचा माणूस समोर उभा असला, तर द्यावा."

"बरं."

मग शेवंता खातं सोडवायला तालुक्याच्या पोलिसांकडे गेली. तिथं तिनं खटपट केली आणि ओटीपी आला. अर्थात गेनूच्या मोबाइलवर. तिनं फोन करून तो मागितला.

"ओळखीची आहेस," गेनू म्हणाला, "पण समोर कुठं आहेस?"

त्यानं फोन ठेवला आणि एसटी धरली. तालुक्याला पोचून, बायकोसमोर ताठ उभं राहून, त्यानं ओटीपी खणखणीत वाचून दाखवला. तोवर त्याची मुदत कधीच संपली होती.

"अहो, ओटीपी म्हणजे तव्यावरची भाकरी," शेवंता म्हणाली. "आला की लगेच द्यायचा."

"बरं."

पुढचा ओटीपी तिनं त्याच्या हातातून मोबाइल ओढूनच वाचला. खातं परत आलं. घरी येऊन ती म्हणाली, आता नंबर माझाच टाकते. सासूबाई म्हणाल्या, नवऱ्याचा नंबर काढलास तर मी गावात तोंड कसं दाखवू? नंबर राहिला.

शेवंता बायकांना आनंदाची बातमी द्यायला गेली. परतली तेव्हा गेनू ओट्यावर खुशीत बसला होता.

"तू सांगितलंस तसंच केलं बघ," तो म्हणाला. "व्हिडिओ कॉल होता, म्हणजे माणूस समोरच. ओटीपी आला तसा गरमागरम दिला."

शेवंतानं त्याच्या हातातून मोबाइल ओढला. "कुणाला दिला?"

"अगं, परका नव्हता. पहिल्यांदा फोनवर ज्यांनी मागितला होता ना, तेच. मी आवाज ओळखला."