दोन तासांचा उतारा

बसगाड्यांचे मालक तात्यासाहेब रणनवरे यांनी जस्ताची एक पूड काढली होती. ती खाल्ली की दोन तासांत रक्तातली दारू उतरते, असं त्यांचं म्हणणं. कंपनीच्या डॉक्टर ऋजुता खामकर यांची सही मिळाली, की प्यायलेले ड्रायव्हरही घाटात गाडी नेणार होते.

"पोरी, तू काल शिकून आलीस. घे परीक्षा, माझ्यावरच घे!"

सगळ्या ड्रायव्हरांसमोर तात्यासाहेब दोन पेग प्यायले. ऋजुतानं त्यांच्या व्याह्यांनाही तेवढेच प्यायला लावले, पूड मात्र दिली नाही. मग दोघांचं रक्त तपासलं. दोघांच्याही रक्तातल्या दारूचा आकडा ऐंशी. तात्यासाहेबांनी पूड खाल्ली आणि ती लागू पडेपर्यंत भाषण केलं. दोन तासांनी त्यांचा आकडा पन्नासवर आला.

"बघितलंस? कर सही!"

"व्याह्यांचाही पन्नासच आलाय, तात्यासाहेब. त्यांनी फक्त तुमचं भाषण ऐकलं."

"मग?"

"मग पुडीला कशाला, भाषणालाच सही देते. प्यायलेल्या ड्रायव्हरला गाडीवर पाठवण्याआधी तुम्ही रोज दोन तास बोलायचं."

मागच्या रांगेतून आवाज आला, "नको मालक! त्यापेक्षा आम्ही दारू सोडतो."