टिटवीचा लुळा पंख

फार जुन्या काळी एका माळरानावर झिपरी नावाची टिटवी राहायची. उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये तिची चार अंडी होती, आणि काळजीने तिला घास गोड लागत नव्हता.

समोरच्या कड्यावर म्हातारी गरुडीण होती. वादळात तीन दिवस ती पिल्लांवरून हलली नव्हती आणि चालून आलेल्या सापावर तिने झेप घेतली होती. झिपरी रोज तिच्याकडून ती हकिकत ऐकायची.

एका सकाळी कोल्हा जमीन हुंगत आला. झिपरी गरुडिणीसारखी उंच गेली आणि पंख मिटून झेपावली. कोल्ह्याने नुसती मान झटकली आणि तिच्या शेपटीची दोन पिसं उपटली. आता तो अंड्यांपासून चार पावलांवर होता.

पळून जावं असं तिला वाटलं. पण गरुडीण वादळातही हलली नव्हती. झिपरी कोल्ह्यापुढे उतरली. भीतीने तिचा एक पंख लोंबत होता. कोल्ह्याची नजर त्याच पंखावर खिळलेली तिला दिसली. मग तिने तो मुद्दाम फरफटवला आणि विव्हळत, लंगडत ती ओढ्याकडे निघाली. कोल्हा मागे लागला. ओढा ओलांडताच ती भुर्रकन उडाली.

"आमच्यात असं कोणी लंगडलं नाही," झिपरी परतल्यावर कड्यावरून सगळं पाहिलेली गरुडीण म्हणाली.

"आजी, तुमच्यासारखी झेप मला जमली नाही."

"पण थांबलीस."

"ते तुमच्याकडूनच शिकले."

"तो परत येईल हं."

झिपरी अंड्यांवर बसली. "येऊ दे," ती म्हणाली, "मी पुन्हा लंगडेन."