प्रयोगशाळेचं मागचं दार

कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या कुंदाबाईंचं म्हणणं कुणी खरं मानतच नव्हतं. प्रयोगशाळेत एक मायक्रोस्कोप धड नाही, मग पोरी प्रॅक्टिकलला नापास होणार नाहीत तर काय, हे सांगून सांगून बाईंचा घसा बसला. प्राचार्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "बाई, तुम्हालाच शिकवता येत नाही."

विद्यापीठाची समिती कॉलेज तपासायला आली, त्या सकाळी संस्थेच्या अध्यक्षांनी, म्हणजे अण्णासाहेबांनी, दुसऱ्या कॉलेजातले नवेकोरे मायक्रोस्कोप दिवसापुरते आणून मांडले. वर बाईंना दम भरला, "उसने आहेत म्हणालात, तर उद्यापासून घरी बसा."

समितीच्या प्रमुख कुलथे मॅडम टेबलांवरून नजर फिरवत म्हणाल्या, "छान! कुठून आणले?"

बाई थकल्या आवाजात म्हणाल्या, "मागून आणले, मॅडम."

अण्णासाहेब घाईनं मध्ये पडले. "मागून म्हणजे मागच्या दारानं हो! पुढच्या दारात पोरांची गर्दी होती."

मॅडमनी वळून पाहिलं. मागं नुसती भिंत होती.

"दार कुठंय?"

"दार कधी नव्हतंच," बाई म्हणाल्या. "तेव्हा 'मागून'चा दुसरा अर्थ काय, ते अण्णासाहेबच सांगतील. मला बोलायची बंदी आहे."

मॅडमनी तिथल्या तिथं सांगितलं, स्वतःचे मायक्रोस्कोप घेतल्याशिवाय पुढच्या वर्षी प्रवेश बंद. मग त्या शेजारी उभ्या असलेल्या प्राचार्यांकडे वळल्या.

"पोरी नापास होतात, त्याला जबाबदार कोण?"

प्राचार्यांनी सवयीनं बाईंकडे बोट उचललं आणि तसंच खाली घेतलं.

"आमचे अध्यक्ष," ते पुटपुटले.

"त्यांना नाव असेल ना?"

"अण्णासाहेब धुमाळ."