मुंगीचं दार आणि डुलणारी गाडी

आटपाट रस्ता होता. रस्त्याच्या कडेला करंजाचं झाड. झाडाखाली एक इटुकलं भोक. ते होतं मुंगीचं दार.

मुंगी खाऊ आणायला गेली. तुरु तुरु गेली. तुरु तुरु आली. बघते तर काय? दार नाही!

दारावर चाक. चाकावर गाडी. लाल लाल गाडी.

आत मुंगीची तीन बाळं. आतून बारीक बारीक आवाज आला, "आई गं! आई गं!"

मुंगी गाडीकडे गेली.
"गाडीताई, गाडीताई, बाजूला हो. माझी बाळं आत, मी बाहेर."

गाडी म्हणाली, "मी नाही जा! मी निघते सरळ, जाते गटाराकडे. काल तर म्हशीच्या अंगावर जाता जाता राहिले. मालक म्हणाले, दृष्ट लागली. लिंबू-मिरची बांधली. लिंबू सुकलं, मिरच्या सुकल्या, मी आपली डुलतेच! आज इकडे घसरले. आता मला भीती वाटते बाई. चाक सरळ धावेल, तर मी हलेन."

मुंगी निघाली. तुरु तुरु तुरु.

"चाकोबा, चाकोबा, सरळ धाव. गाडी हलेना. माझी बाळं आत, मी बाहेर."

चाक म्हणालं, "मी नाही जा! मला धरते दांडी. ती डुलली की मी डुलणार. दांडी नीट धरेल, तर मी धावेन."

मुंगी चढली. तुरु तुरु तुरु. गाडीच्या पोटाखाली लांब दांडी होती. लुटलुट लुटलुट हलत होती.

"दांडीबाई, दांडीबाई, चाकाला धर. चाक धावेना, गाडी हलेना. माझी बाळं आत, मी बाहेर."

दांडी म्हणाली, "मी नाही जा! मलाच कुणी धरत नाही. तो बघ टोकाला नट. नुसता बसलाय! नट घट्ट बसेल, तर मी धरेन."

मुंगी टोकाला गेली. तुरु तुरु तुरु. नट हलत होता. खुळुक खुळुक!

"नटभाऊ, नटभाऊ, घट्ट बस. दांडी धरेना, चाक धावेना, गाडी हलेना. माझी बाळं आत, मी बाहेर."

नट म्हणाला, "मी नाही जा! खड्डे खाऊन खाऊन ढिला झालो. आपला आपण कोण घट्ट होतं? पाना आवळेल, तर मी बसेन."

मुंगी खाली उतरली. समोर मिस्त्रीचं दुकान. दुकानात पाट. पाटावर हातोडा, पक्कड आणि मोठ्ठा पाना. पान्याला कुंकू. पान्यावर झेंडूचं फूल.

"पानादादा, पानादादा, नटाला आवळ. नट बसेना, दांडी धरेना, चाक धावेना, गाडी हलेना. माझी बाळं आत, मी बाहेर."

पाना म्हणाला, "मी नाही जा! आज खंडेनवमी. वर्षभर राबलो, आज माझा मान. मी पूजेला बसलोय, दिसत नाही? मिस्त्री उचलेल, तर मी आवळेन."

लखू मिस्त्री दारात बसला होता. नवा सदरा, हात स्वच्छ.

"मिस्त्रीमामा, मिस्त्रीमामा, पाना उचल. पाना आवळेना, नट बसेना, दांडी धरेना, चाक धावेना, गाडी हलेना. माझी बाळं आत, मी बाहेर."

मिस्त्रीने कान टवकारले.
"काय म्हणालीस? नट बसेना? अरेच्चा! मालक म्हणाले दृष्ट. मी म्हणालो हवा. तीनदा हवा भरली! खाली वाकून बघितलंच नाही."

"मग उचल ना पाना!"

"मी नाही जा! पूजेतलं हत्यार आज हलवायचं नाही. उद्या दसरा, उद्या उचलू. आज उचलायचं तर आईला विचार. आईने अक्षता वाहिल्या, तरच मी उचलेन."

उद्या? आत बाळं होती. मुंगी पळाली. तुरु तुरु तुरु.

मिस्त्रीची आई म्हणजे बायजाआई. देवीपुढे वात सारत होती. नऊ दिवसांचा उपास होता. नेम कधी मोडला नव्हता.

"बायजाआई, बायजाआई, अक्षता वाहा. मिस्त्री उचलेना, पाना आवळेना, नट बसेना, दांडी धरेना, चाक धावेना, गाडी हलेना. माझी बाळं आत, मी बाहेर."

बायजाआई म्हणाली, "नाही गं बाई. नेम म्हणजे नेम."

मुंगी मागे फिरली नाही. तिथेच बसली.

बायजाआईने वात सारली. मुंगीकडे बघितलं. देवीकडे बघितलं. मग उठली. हळू हळू झाडापाशी आली. खाली वाकली. चाकाजवळ कान नेला.

"आई गं... आई गं..." अगदी बारीक.

बायजाआई तशीच वाकून राहिली. मग म्हणाली, "पाना कशाला पुजायचा? कुणाचं अडलेलं सुटावं म्हणूनच ना?"

मिस्त्री म्हणाला, "आई, आणि नेम?"

"नेम माझा. बाळं तिची. पाप लागलं तर मला लागू दे. चल!"

दुकानात जाऊन तिने पान्यावर चार अक्षता वाहिल्या. हात जोडले.
"पानोबा, आज उठा. उद्या पुन्हा बसा."

आणि मग काय!

आईने अक्षता वाहिल्या.
मिस्त्रीने पाना उचलला. नव्या सदऱ्यानिशी गाडीखाली शिरला!
पान्याने नट आवळला. कर्र कर्र कर्र!
नट घट्ट बसला. गप्प!
नटाने दांडी धरली. दांडीने चाक धरलं.
मिस्त्रीने चाक दोन्ही हातांनी हलवून बघितलं. खुळुक नाही, लुटलुट नाही.
मिस्त्री गाडीत बसला. घर्र घर्र घर्र!
चाक सरळ धावलं. गाडी हलली. गटाराकडे नाही, म्हशीकडे नाही. सरळ, सरळ, सरळ!

"अगं बाई, मी सरळ जाते!" गाडी म्हणाली. पीं पीं!

मुंगीने माती उकरली. भराभर भराभर.

एक बाळ आलं. दुसरं बाळ आलं. तिसरं?

तिसरं येईना.

बायजाआईने श्वास रोखला. मिस्त्री गाडीतून उतरून आला, त्यानेही श्वास रोखला.

मातीचा एक कण हलला. त्याच्यामागून एक डोकं आलं. तिसरं बाळ!

"आई गं, किती वेळ गं!"

मुंगीने तिघांना कुशीत घेतलं.

बायजाआई म्हणाली, "लखू, आपल्याला जे दिसलं नाही, ते हिने बघितलं. ही खाली राहते ना." मग हात-पाय धुऊन ती देवीपुढे जाऊन बसली. वात तेवत होती. तशीच, शांत.

जसं मुंगीचं दार उघडलं, तसं सगळ्यांचं उघडो. जशी तिची बाळं तिला भेटली, तशी ज्याची त्याला भेटोत. आणि तुम्ही आता माझ्या कुशीत या.