नेसरीकर सरांचं दुखणं

"...आणि 'थ्रॉब' म्हणजे?"

"ठोके पडल्यासारखी, राहून राहून उठणारी वेदना."

एस्तेर आवळेने हे सांगितलं इंग्रजीत, शब्दकोशात छापलंय तसं. शेजारी म्हणून पडवीत बसलेला मी ते आपलं मराठीत लिहितोय.

मिरजेत एकट्याने राहणाऱ्या नेसरीकर सरांकडे नर्सेस इंग्रजी शिकायला येत. एस्तेर त्यांतली हुशार. इंग्लंडमधल्या एका इस्पितळाच्या मुलाखतीत मागे तिची दातखीळ बसली होती. तेव्हापासून तिने शब्दकोश घोकून घोकून पाठ केला. सोमवारी पुन्हा मुलाखत होती, आणि ती शेवटची संधी.

"काहीही विचारा, सर. अडणार नाही मी." मान जरा ताठच होती.

सर उठले. पडवीतल्या बाजेवर आडवे झाले आणि गुडघे पोटाशी घेतले.

"मी तिकडची म्हातारी. तुझ्या वॉर्डातली. बोल की माझ्याशी."

मग बारीक आवाजात, इंग्रजीत : "नर्स, मला थंडी वाजतेय."

एस्तेर सरसावून बसली. "थंडी. तापमान उतरल्यामुळे शरीराला होणारी..."

"नर्स, थंडी वाजतेय गं."

"याच अर्थाचे आणखी शब्द सांगू?"

"नर्स..."

एस्तेरने मनातल्या मनात सगळा शब्दकोश पालथा घातला, तरी पुढचं काही सापडेना.

"नाही येत हो मला, सर. सोमवारीपण असंच होणार बघा."

सर कुडकुडत तसेच पडून राहिले. सोंगच होतं ते, पण सत्तरी उलटलेल्या माणसाचे उघडे पाय पाहून तिला राहवेना.

तिने डोळे पुसले. खुंटीवरची शाल काढून सरांच्या अंगावर घातली, कडा नीट खोचल्या. त्यांचे तळवे दोन्ही हातांत धरले, चोळले.

"आता बरं वाटतंय ना? मी आहे इथेच. चहा आणू गरम?"

इंग्रजीत बोलली. चुकतमाकत, पण न अडता. आणि बोलून झाल्यावर स्वतःच दचकली.

मला त्या पोरीचं फार कौतुक वाटलं. तिने लाजून शालीला हात घातला, घडी करून ठेवायला.

सरांनी डोळे उघडले नाहीत.

"एवढ्यात काढू नकोस, बाळ... अजून चार शब्द येतील तुला."